रेड अलर्ट दिला, पण पाऊसच आला नाही! (मोजमाप आणि मॉडेल मुलांना कसं समजावायचं?)



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रेड अलर्ट आला म्हणून शाळेला सुट्टी मिळाली आणि त्या दिवशी आमच्या भागात चक्क ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास सुरू झाला आणि एका मुलाने हात वर केला.

"बाई, हवामान खातं खोटं बोलतं का?"

सगळा वर्ग हसला. एक मुलगी मात्र हसली नाही. ती नदीकाठच्या वस्तीत राहते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठेचं पाणी सिंहगड रस्त्याच्या एकतानगरी भागात शिरलं, तेव्हा तिच्याही घरात पाणी आलं होतं. दप्तर, वह्या, आईचं शिलाई मशीन, सगळं भिजलं. ती हळूच म्हणाली, "अलर्ट आला की माझी आई धान्याचे डबे माळ्यावर ठेवते."

एकाच वर्गात एकाला अलर्ट म्हणजे थट्टा आणि दुसरीला अलर्ट म्हणजे रात्रीचं जागरण. "नाही रे बाळा, खोटं कशाला बोलतील?" एवढं सांगून मला धडा पुढे नेता आला असता. पण मनाला पटेना. मग आठवडाभर आम्ही याच प्रश्नावर काम केलं. आपल्या पुण्यातच याची इतकी उदाहरणं आहेत की बाहेर जायची गरजच पडली नाही.

१. आधी मोजायला शिकूया

प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक आपण सगळेच करतो. आम्हीही केला. दोन गट, दोन बाटल्या. पहिल्याच दिवशी एका गटाचा पाऊस आला १४ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा २२! मुलं भांडायला लागली. मीही गोंधळले. नंतर नीट पाहिलं तर एक बाटली कडुनिंबाखाली होती. शिवाय बाटलीचा तळ खोलगट-उंचवट असतो, तिथे आधी पाणी भरून शून्याची रेघ आखायची असते, ते मीच विसरले होते. चूक माझी होती, आणि ती मी वर्गात कबूल केली. मोजणाऱ्याची चूक ही मोजमापाचाच भाग असते, हा त्या दिवसाचा खरा धडा ठरला.

पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, हे मुलांना असं सांगा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद फरशीवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर १ लिटर पाणी जमतं. म्हणजे ५० चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर. मुलांना हे गणित फार आवडतं.

आता पुढचा प्रश्न. "पुण्यात आज इतका पाऊस" असं आपण बातमीत वाचतो, तो नक्की कुठला पाऊस? बहुतेक वेळा शिवाजीनगरच्या वेधशाळेत सकाळी साडेआठला घेतलेली ती नोंद असते. पण पाऊस काही शिवाजीनगरला विचारून पडत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला जोरदार पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याला अचानक पूर आला. ओढ्याकाठच्या वस्त्यांमध्ये माणसं गेली, घरं गेली. मोजायचं भांडं एका जागी आणि संकट दुसऱ्या जागी, असं होऊ शकतं. म्हणून मोजण्याची ठिकाणं जितकी जास्त, तितकं चित्र खरं.

२. लहान नदी, खरा पूर

मोजून झालं की पुढची पायरी म्हणजे मॉडेल. मॉडेल म्हटलं की मुलांना विज्ञान प्रदर्शनातला थर्माकोलचा ज्वालामुखी आठवतो. पण खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली सुरू झालेली ही संस्था धरणांच्या, नद्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यात खरं पाणी सोडते. धरण बांधण्याआधीच सांडव्यावरून पाणी कसं उडेल, काठ कुठे खचेल, हे तिथे पाहता येतं.

यातलं गणित चौथी-पाचवीच्या मुलांनाही कळतं. समजा, नदीची प्रतिकृती १०० पट लहान केली. रुंदी १०० पट कमी, खोली १०० पट कमी. मग पाण्याचा वेगही १०० पट कमी हवा ना? नाही! पाणी गुरुत्वाकर्षणाने वाहतं, आणि अशा प्रवाहात वेग १०० च्या वर्गमुळाने, म्हणजे १० पटीनेच कमी होतो. आता गुणाकार करा: १०० × १०० × १० = १ लाख. म्हणजे खऱ्या नदीतला १ लाख क्युसेकचा पूर प्रतिकृतीत फक्त १ क्युसेकने दाखवता येतो! १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, दोन बादल्यांहून थोडं कमी. आणि अंतर १०० पट कमी पण वेग १० पटच कमी, म्हणून वेळही १० पट कमी लागतो. दिवसभराचा पूर अडीच तासांच्या आत बघून होतो.

याच गणिताने मुलांना दुसरा आकडाही समजावता येतो. त्या जुलैच्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी वाढत वाढत सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेलं होतं. म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. १० हजार लिटरचे शंभर टँकर दर सेकंदाला रिकामे होत आहेत असं समजा. वर्ग एकदम गप्प झाला. ती मुलगी म्हणाली, "म्हणून आवाज येत होता."

पण या प्रतिकृतीलाही मर्यादा आहे. नदी लहान करता येते, तिच्यातली वाळू तेवढी लहान करता येत नाही. वाळूचा कण १०० पट बारीक केला तर तो वाळू राहतच नाही, चिकणमातीसारखा चिकटतो. तो वेगळाच वागतो. म्हणून मॉडेल करणाऱ्याला सतत स्वतःला विचारावं लागतं, की यात काय नीट उतरलंय आणि काय सुटलंय?

३. शितावरून भात

हीच गोष्ट आजारपणातही लागू होते. २०२० मध्ये रोज कोरोनाचे आकडे यायचे. पण ते फक्त तपासणी झालेल्यांचे होते. ज्यांना त्रासच झाला नाही, त्यांना कोण मोजणार? मग जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यातल्या पाच भागांत १,६६४ जणांचं रक्त तपासलं गेलं. आयसर, पुणे विद्यापीठ आणि इतर संस्थांनी मिळून हे काम केलं. त्यात सुमारे ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे त्या भागांत निम्म्या लोकांना संसर्ग होऊनही गेला होता, आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नव्हता!

आपल्याकडे म्हणतात ना, शितावरून भाताची परीक्षा. पण शीत कुठून उचललं, हे महत्त्वाचं. पातेल्याच्या तळाचा भात शिजलेला आणि वरचा कच्चा असू शकतो. हे पाच भाग जास्त रुग्ण असलेले होते. म्हणून "अख्ख्या पुण्यात निम्म्या लोकांना होऊन गेला" असं त्यावरून म्हणता येत नाही. वर्तमानपत्रातला कुठलाही टक्का वाचताना मुलांना हा एक प्रश्न विचारायची सवय लावा: "शीत कुठलं?"

वर्गात साथीचं मॉडेलही करून बघा. एका मुलाला गुपचूप 'बाधित' करा. प्रत्येक फेरीत बाधित मुलाने एकाच मुलाशी हात मिळवायचा. १, २, ४, ८, १६... मुलं ओरडतात, पुढे ३२! पण तसं होत नाही. कारण आता बरेच हात आधीच बाधित झालेल्यांनाच मिळतात. चाळीस जणांच्या वर्गात साथ आपोआप मंदावते. फळ्यावर आकडे लिहा आणि आलेख काढा. आधी सावकाश, मग झपाट्याने, मग पुन्हा सावकाश. साथींच्या मोठ्या मॉडेलच्या मुळाशी हीच कल्पना असते.

४. पावसाचा अंदाज चुकला तेव्हा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भारतात मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज १८८६ पासून दिला जातो. तेव्हा हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधत. पुढे १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ निर्देशकांचं मॉडेल तयार केलं. समुद्राचं तापमान, बर्फाचं आच्छादन, हवेचा दाब, वारे अशा गोष्टी आधीच्या महिन्यांत मोजायच्या आणि त्यावरून देशाचा पाऊस सांगायचा. गोवारीकर आपले मराठी शास्त्रज्ञ, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

हे मॉडेल बरीच वर्षं उपयोगी ठरलं. मग २००२ साल आलं. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा. प्रत्यक्षात पडला ८१ टक्के. एकट्या जुलैत तर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला आणि देशात दुष्काळ पडला.

मग शास्त्रज्ञांनी काय केलं? चूक लपवली नाही. निर्देशक पुन्हा तपासले आणि २००३ मध्ये कमी निर्देशकांची नवी मॉडेल आणली. पूर्वी ज्या गोष्टींचा पावसाशी घट्ट संबंध होता, त्यातल्या काहींचा संबंध काळानुसार सैल झाला होता. निसर्ग बदलला की मॉडेलही बदलावं लागतं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत महासंगणक आहेत. 'प्रत्युष' २०१८ मध्ये आला, 'अर्का' २०२४ मध्ये. हे संगणक पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोन करून प्रत्येक चौकोनाचं गणित सोडवतात. २०१८ पासून वापरात आलेल्या मॉडेलचा एक चौकोन सुमारे १२ किलोमीटरचा होता. शिवाजीनगर ते कात्रज अंतर जवळपास तेवढंच! म्हणजे ही दोन्ही ठिकाणं एकाच चौकोनात येऊ शकत होती. २०२५ मध्ये तो चौकोन ६ किलोमीटरवर आणला गेला. चौकोन लहान झाला की चित्र स्पष्ट होतं, पण गणितं कित्येक पट वाढतात.

५. मग टक्क्यात का सांगतात?

१९६१ साल पुणेकरांना पानशेतमुळे लक्षात आहे. त्याच वर्षी अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ हे शास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचं गणित करत होते. गणित पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. इतका बारीक फरक! पण थोड्या वेळाने दोन्ही उत्तरं पूर्ण वेगळी झाली. हवा अशीच आहे. सुरुवातीची छोटी चूक वाढत जाते. आणि आपली मोजणी कधीच शंभर टक्के अचूक नसते, हे आपण दोन बाटल्यांत पाहिलंच.

म्हणून आता एकच गणित करत नाहीत. सुरुवात थोडी थोडी बदलून पुष्कळदा करतात. दहापैकी सात वेळा पाऊस आला तर शक्यता ७० टक्के. मग कोरडा दिवस गेला तर अंदाज खोटा ठरला का? नाही, उरलेल्या तीनांपैकी एक दिवस आपल्या वाट्याला आला. अंदाज बरोबर की चूक हे एका दिवसावरून नाही, अशा शंभर दिवसांवरून ठरवायचं.

वर्गाने दिलेलं उत्तर

शेवटच्या दिवशी फळ्यावर चार चौकोन काढले. अलर्ट आला, डबे वर ठेवले, पूर आला नाही: आईची पाठ दुखली. डबे वर ठेवले, पूर आला: धान्य वाचलं. डबे ठेवले नाहीत, पूर आला नाही: काहीच नाही. डबे ठेवले नाहीत, पूर आला: सगळं गेलं.

मग मी पहिला प्रश्न विचारणाऱ्या मुलालाच उभं केलं. "आता सांग, काय करायचं?" तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बाई, पाठ दुखली तर बाम लावता येतो."

लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. तिथला मुलगा मुद्दाम खोटं बोलत होता. अंदाज देणारा मुद्दाम खोटं बोलत नाही, तो जेवढं मोजता आलं तेवढ्यावरून बोलतो. हा फरक मुलांना कळला पाहिजे. नाहीतर दोन अलर्ट कोरडे गेले की तिसऱ्या वेळी कुणीच डबे उचलणार नाही.

पालकहो, एक छोटी विनंती. घरात "या हवामानवाल्यांना काही कळत नाही" असं सहज म्हणून जातो आपण. मुलं ऐकत असतात. त्याऐवजी या पावसाळ्यात एक वही करा. रोजचा अंदाज एका रकान्यात, आपल्या बाटलीतला पाऊस दुसऱ्या रकान्यात. सप्टेंबरअखेर मुलांनाच हिशोब मांडू द्या. आणि हो, बाटली झाडाखाली ठेवू नका!