युद्धपट पाहताना : आकड्यांमागचा माणूस

पुण्याहून लोणावळ्याकडे लोकलने जाणाऱ्या आपल्या वाचकांना वाटेतील स्थानकांची नावे तोंडपाठ असतील : शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड. यांपैकी दोन नावांशी युद्धाची आणि अत्याचाराची आठवण जोडलेली आहे, हे मात्र रोजच्या धावपळीत फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि त्याच खडकीत युद्धात मरण पावलेल्यांचे कब्रस्तानही आहे. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक तेथे चिरविश्रांती घेत आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या व अन्यत्र मूठमाती मिळालेल्या १,८०० हून अधिक सैनिकांचे स्मारकही तेथेच आहे. पिंपरीची गोष्ट वेगळी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबे येथील निर्वासितांच्या छावणीत उतरली. आज आपण कपडे खरेदी करायला ‘पिंपरी कॅम्प’मध्ये जातो, त्यातील ‘कॅम्प’ हा शब्द त्या छावणीची खूण आहे.

हे सारे आठवण्यास एक प्रश्न कारणीभूत झाला. चाकणच्या एका कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या एका तरुणाने रविवारच्या मिस्सानंतर मला विचारले, “फादर, बारा तास राबून घरी आल्यावर माणसाला थोडी करमणूक हवी असते. युद्ध, दंगली, कत्तली असले चित्रपट कशाला बघायचे? दुःख काय कमी आहे?” प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर मी तेव्हा घाईत दिले. ते पुरेसे नव्हते, म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. १९७० साली भिवंडीत भीषण दंगल झाली. त्यानंतर हिंदी लेखक भीष्म साहनी यांनी तेथील उद्ध्वस्त वस्त्यांना भेट दिली. साहनी मूळचे रावळपिंडीचे. भिवंडीचे ते भग्नावशेष पाहून त्यांना १९४७ ची रावळपिंडी आठवली आणि दिल्लीला परतल्यावर त्यांनी ‘तमस’ ही कादंबरी लिहावयास घेतली. ती १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली व पुढील वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. पंजाबच्या जखमेची ही कथा अशा रीतीने महाराष्ट्राच्या जखमेतून जन्मास आली.

या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी सुमारे पाच तासांचा चित्रपट केला आणि १९८८ च्या आरंभी तो दूरदर्शनवरून मालिकेच्या रूपाने दाखविला गेला. निहलानी स्वतः १९४० साली कराचीत जन्मले आणि फाळणीत त्यांच्या कुटुंबालाही सिंध सोडावा लागला. पिंपरी कॅम्पातील वडीलधाऱ्यांची जी कहाणी, तीच त्यांची. कथेच्या आरंभी नथू नावाचा एक गरीब चर्मकार आहे. एक ठेकेदार त्याला पाच रुपये देऊन डुक्कर मारायला लावतो. दुसऱ्या दिवशी ते मेलेले डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते आणि गाव पेटते. नथूला काय घडले ते उमगते, पण तोवर वेळ टळलेली असते. दंगल ही आपोआप ‘उसळत’ नाही, कुणीतरी ती पेटवतो आणि गरिबाच्या हातांनी पेटवतो, ही गोष्ट हा चित्रपट कोणतेही भाषण न करता दाखवितो.

‘तमस’ कादंबरीच्या अखेरीस मदतकार्याच्या ठिकाणी माहिती गोळा करणारा एक कारकून येतो. लोक त्याला आपली करुण कहाणी सांगू लागतात. त्याला मात्र केवळ आकडे हवे असतात : किती मेले, किती जखमी, किती नुकसान. हा कारकून दुष्ट नाही, तो आपले काम करतो आहे. वृत्तपत्र वाचताना आपणही बहुधा त्याच्यासारखेच वागतो. मृतांचा आकडा वाचून चहाचा घोट घेतो व पान उलटतो. चांगल्या चित्रपटाचे कार्य येथे सुरू होते. आकड्याने हिरावून घेतलेला चेहरा, नाव आणि घर तो मृताला परत देतो.

‘तमस’चे प्रसारण थांबविण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला होता. अशा दृश्यांनी पुन्हा द्वेष भडकेल, अशी भीती त्यामागे होती. न्या. बख्तावर लेंटिन व न्या. सुजाता मनोहर यांनी संपूर्ण चित्रपट स्वतः पाहिला आणि प्रसारणाला वाट मोकळी करून दिली. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच मार्ग स्वीकारला. त्या निकालात न्या. व्हिव्हियन बोस यांनी नागपूर उच्च न्यायालयात असताना मांडलेल्या एका कसोटीचा आधार घेतला गेला. प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनावरून एखाद्या कृतीचा परिणाम जोखू नये. समंजस, खंबीर व धैर्यशील माणसाच्या मनावर ती काय परिणाम करील ते पाहावे, असे त्या कसोटीचे सार आहे. कायद्याने येथे प्रेक्षकावर विश्वास ठेवला. त्या विश्वासास पात्र ठरणे हे प्रेक्षकाचे काम आहे.

या बाबतीत ख्रिस्तसभेची भूमिका काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसारमाध्यमांविषयी आदेश प्रसिद्ध केला. माध्यमांतून होणारे दुष्टतेचे चित्रण मनुष्याची अधिक सखोल ओळख करून देऊ शकते; मात्र ते नैतिक मर्यादेत असावे, असे त्यात मान्य केलेले आहे. १९९५ मध्ये सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी जाहीर केली. तिच्यातील ‘मूल्ये’ या गटात युद्ध व नरसंहार यांवरील अनेक चित्रपट आहेत. त्यांपैकी दोहोंचा येथे उल्लेख करतो.

पहिला, रोबेर्तो रोसेलिनी यांचा ‘रोम, ओपन सिटी’ (१९४५). जर्मन फौजा रोममधून जाऊन वर्षही लोटले नव्हते, तेव्हा याचे चित्रीकरण सुरू झाले. त्यातील धर्मगुरू दोन पित्रो साथीदाराचा छळ डोळ्यांदेखत पाहावा लागूनही कुणाची नावे सांगत नाही आणि गोळ्या झेलतो. हे पात्र १९४४ मध्ये ठार मारल्या गेलेल्या दोन खऱ्या धर्मगुरूंवरून, दोन पित्रो पापागाल्लो आणि दोन ज्युझेप्पे मोरोसिनी यांच्यावरून, घडविलेले आहे. त्याच इटलीच्या भूमीवर १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा ती लढाई आपल्या घरापासून वाटते तितकी दूर नव्हती.

दुसरा, कोन इचिकावा या जपानी दिग्दर्शकाचा ‘बर्मीज हार्प’ (१९५६). युद्ध संपले आहे. मिझुशिमा नावाचा सैनिक मायदेशी परतण्यासाठी आपल्या तुकडीकडे निघालेला असताना ब्रह्मदेशात जागोजागी बेवारस पडलेली प्रेते पाहतो. तो भिक्खूची वस्त्रे धारण करतो आणि घरी न परतता मृतांना मूठमाती देण्यासाठी तेथेच राहतो. या चित्रपटाचा नायक बौद्ध आहे. तरीही मृतांना मूठमाती देणे हे आपण धर्मशिक्षणात शिकलेल्या दयाकृत्यांपैकी एक आहे, हे कॅथलिक वाचकाला लगेच ओळखता येईल.

युद्धावरील प्रत्येक चित्रपट असा असतो, असे मुळीच नाही. कित्येकांत शत्रूला ना आई असते, ना घर. स्फोट डोळ्यांना सुखवावेत अशा रीतीने पुनःपुन्हा दाखविले जातात. माणूस मरताना प्रेक्षागृहात शिट्ट्या वाजाव्यात, अशी संगीताची योजना असते. असे चित्रपट मृतांचा वापर करतात. म्हणून आपल्या तरुणांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या चित्रपटात मरणाऱ्याला चेहरा आहे का? हिंसा कुणी व कशासाठी घडविली, हे तो सांगतो का? आणि तो पाहून बाहेर पडल्यावर भिन्न धर्माचा किंवा भिन्न भाषेचा माझा शेजारी, यंत्रावर माझ्या बाजूला उभा राहणारा सहकारी, मला अधिक जवळचा वाटतो की अधिक परका? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘परका’ असे येत असेल, तर त्या चित्रपटाने आपले काहीतरी हिरावून घेतले आहे.

आणखी दोन सूचना. असे चित्रपट लहान मुलांना एकट्याने पाहू देऊ नयेत. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत देशाच्या सर्व भागांतून लोक आले आहेत. त्यांच्यापैकी काही जणांनी आपल्या गावी जळती घरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असतील. त्यांच्यावर पाहण्याची सक्ती करू नये. पाहायचे नसेल तर उठून जाण्याची त्यांना पूर्ण मोकळीक असावी. शक्यतो चारचौघांनी एकत्र बसून पाहावे आणि संपल्यावर दिवे लावून अर्धा तास बोलावे. ‘तमस’ हप्त्याहप्त्याने पाहिला तरी चालेल.

त्या तरुणाला मी आता एवढेच सांगेन : करमणूक जरूर कर, थकलेल्या माणसाला ती हवीच. मात्र वर्षातून एखादा असाही चित्रपट पाहा. आणि २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्यावर वेळ मिळाला, तर खडकीला उतर. तेथील एका शिळेवरचे नाव आणि वय वाच. अनेकांचे वय तुझ्याएवढेच आहे. त्याच्यासाठी प्रार्थना कर आणि मग पुढची लोकल पकड.