शंभर लिटरचं घर

आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीबोटीचा खलाशी आमच्या गाडीच्या मागच्या चाकांपाशी उकिडवा बसला. चाकापासून शेपटापर्यंतचं अंतर त्याने वितींनी मोजलं, मग जेट्टीचा उतार पाहिला, मग पाणी. “काका, तासभर थांबा. पाणी चढू दे, मग तुम्हाला घेतो.”

पुढच्या मोटारी सरसर बोटीत चढत होत्या, त्यामुळे मला आधी काही उमगलं नाही. तिथेच उभं राहून पाहिल्यावर लक्षात आलं. भरतीला बोटीचा रॅम्प जेट्टीच्या वरच्या, जवळपास सपाट भागावर टेकतो. ओहोटीला तो खालच्या, शेवाळलेल्या उतारावर टेकतो आणि उतार व रॅम्प यांच्यात खोलगट कोन होतो. लहान मोटार तो सहज ओलांडते. आमच्या गाडीचं धड मागच्या चाकांच्या बरंच मागे गेलेलं. पुढची चाकं रॅम्पवर चढली की शेपूट खाली घासणार. त्या दिवसापासून वही उघडली आणि रोजची भरती लिहायला लागलो. ती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं. दिघीला जाताना राजपुरीची खाडी, वेश्वी-बागमांडल्याला सावित्री, दाभोळ-धोपाव्याला वाशिष्ठी, जयगड-तवसाळला शास्त्री. चार खाड्या बोटीने ओलांडल्या, चारही त्या वहीच्या जोरावर.

वरणगावच्या आयुध निर्माणीत मी 32 वर्षं काढली. आमच्याकडे तिला नुसतं ‘फॅक्टरी’ म्हणतात. मोजमाप हाच माझा रोजचा धंदा, गेजमध्ये न बसलेला तुकडा कधी पुढे जाऊ दिला नाही. निवृत्तीनंतर जुनी ट्रॅव्हलर घेतली, आतली बाकं काढून पलंग, ओटा, टाकी बसवली, आरटीओकडून तो बदल नोंदवून घेतला. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून हे डोक्यात होतं. डिसेंबरात आम्ही दोघं धुळे, नाशिक, कसारा घाट करत अलिबागला पोचलो आणि तिथून रेवस-रेड्डी सागरी मार्गाने दक्षिणेला निघालो.

टाकी शंभर लिटरची. म्हणजे भरली की छताखाली एक क्विंटल वजन वाढलं. माझा हिशोब होता, चार दिवस पुरेल. दुसऱ्या संध्याकाळी दिवेआगरला नळ कोरडा पडला. पत्नी काही बोलली नाही. तिने एक लिटरचा तांब्या घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी नळातून न घेता तांब्याने घ्यायला सुरुवात केली. पिण्याला आणि स्वयंपाकाला आठ, दोघांच्या अंघोळीला सोळा, भांड्यांना चार, शौचालयाला पाच. डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यात आधी ताटं विसळायची, मग चांगल्या पाण्याचा एक हात. तेहतीस लिटरवर दिवस निघाला. तीन दिवसांना पुरून घोटभर पाणी खाली उरलं.

“हे कुठं शिकलीस?” मी विचारलं. ती म्हणाली, “अहो, घरी दुसरं काय करत होते मी?”

या घरात प्रत्येक सोयीची काहीतरी किंमत मोजावी लागते. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालून भोक ठेवलेलं, आणि गाडी हलण्याआधी रेग्युलेटर बंद झालाय ना हे दोघांनी हात लावून पाहायचं. सांडपाण्याची वेगळी टाकी, ती वाळूत रिकामी करायची नाही. शौचालयाचा डबा एखाद्या लॉजमध्ये परवानगी मागून, पैसे देऊन तिथल्या शौचालयात ओतायचा. झोपण्याआधी ओट्यावर पाणसळ ठेवून चाकाखाली फळ्या सरकवायच्या, नाहीतर रात्रभर रक्त डोक्याकडे उतरतं. छतावर सोलर पॅनल, पण वाडीच्या सावलीत गाडी लावली की बॅटरी भरत नाही, आणि उन्हात लावली की आत भट्टी. गुहागरला एका वाडीवाल्या आजोबांनी तो प्रश्न वेगळ्याच अंगाने सोडवला: “नारळाखाली लावूच नका. झावळी पडली तर छत जाईल, नारळ पडला तर तुम्ही.” आम्ही मुकाट्याने आंब्याखाली सरकलो आणि रात्री पंखा कमी वेळ लावला.

सकाळी ती दारात बसून दादर ज्वारीच्या पिठाची भाकरी थापायची. समोर समुद्र, तव्यावर खानदेश. मासळीच्या वासात आमचा ठेचा परतला की शेजारचे लोक डोकावायचे, आणि ताटं दोन्ही बाजूंनी फिरायची.

मालवण, वेंगुर्ला करून आंबोलीने वर चढलो. पुढे कोल्हापूर, पुणे, संभाजीनगर. अजिंठ्याच्या घाटात ‘ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर’ हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळला आणि ब्रेकला आराम दिला. पहूर, जामनेर ओलांडलं आणि दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या, मग केळीचे बाग दिसू लागले. बाविसाव्या दिवशी घर आलं.

आल्यावर पहिलं काम गाडी धुण्याचं. खाडीचं खारं पाणी चेसिसच्या कोपऱ्यांत सुकून बसतं आणि महिन्याभरात गंज धरतं. मी खाली आडवा होऊन ब्रशने घासत होतो, ती वरून पाणी देत होती. मीठ विरघळून काळ्या मातीत उतरत होतं. जवळच हतनूरच्या 41 दरवाजांमागे तापी अडलेली आहे. तिथून सुटलेलं पाणी सुरतेपुढे समुद्राला मिळतं. ज्या समुद्राकाठी आम्ही तांब्याने जगलो, त्यालाच.

ती बादलीने नाही, तांब्यानेच पाणी देत होती. मी मोजत होतो. अठरा तांब्यांत गाडीची खालची बाजू स्वच्छ झाली.

बत्तीस वर्षं पगार आणला म्हणजे घर चालवलं, असं मी समजत होतो. आता नळाला पाणी यायच्या दिवशी पहाटे मी उठतो, आणि हंडे मीच भरतो.