अख्खा सिनेमा, कोरा पडदा

डोक्यावर एकामागून एक रचलेल्या भव्य कमानी, खाली अंधारात बुडालेला प्रेक्षागृहाचा भाग आणि मधोमध लखलखीत पांढरा पडदा. पडद्यावर चित्र नाही, अक्षर नाही. बघणाऱ्याला वाटतं, खेळ सुरू व्हायचाय किंवा संपून गेलाय. खरं तर फोटो काढताना सिनेमा चालू होता आणि पहिल्या दृश्यापासून शेवटच्या पाटीपर्यंत तो अख्खा या फोटोत उतरला आहे.

हिरोशी सुगिमोतो यांचं ‘रेडिओ सिटी म्युझिक हॉल’ हे १९७८ चं कृष्णधवल छायाचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहात आहे. १९४८ मध्ये टोकियोत जन्मलेले सुगिमोतो १९७० मध्ये अमेरिकेत गेले, लॉस एंजलिसमध्ये कला शिकले आणि १९७४ मध्ये न्यूयॉर्कला आले. एक पूर्ण सिनेमा एकाच फोटोत घेतला तर काय दिसेल, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तर शोधायला ते पर्यटकाच्या वेशात, भलामोठा कॅमेरा घेऊन शहरातल्या एका स्वस्त थिएटरात शिरले. सिनेमा सुरू होताच त्यांनी शटर उघडलं, तो संपल्यावरच बंद केलं.

यातूनच सुरू झालेल्या ‘थिएटर्स’ या छायाचित्रमालिकेमागचं गणित सोपं आहे. सिनेमा म्हणजे सेकंदाला २४ स्थिरचित्रं. दोन तासांची झाली १ लाख ७२ हजार ८००. शटर उघडं असेपर्यंत फिल्म येणारा प्रत्येक किरण साठवत जाते. आधीचं पुसून नवं लिहिणं तिला जमत नाही. नायकाचा चेहरा, समुद्र, मारामारी, चुंबन, सगळं एकमेकांवर चढतं आणि अखेर उरतो निव्वळ उजेड. पडदा कोरा दिसतो, तो इतकं सगळं एकाच जागी आल्यामुळे.

आपण सिनेमाच्या पडद्याला ‘रुपेरी’ म्हणतो, कारण एके काळी पडद्यांना चंदेरी रंगाचा लेप देत. सुगिमोतोंचे हे प्रिंटही चांदीचेच, जिलेटिनमध्ये धरलेल्या चांदीच्या कणांचे. निगेटिव्हवर पडद्याच्या जागी चांदी सर्वांत दाट साचते. प्रिंटमध्ये सारं उलटतं. अंधाऱ्या कोपऱ्यांत चांदी भरते आणि पडद्याच्या जागी जवळपास नुसता कागद उरतो. म्हणजे सिनेमा जिथे आहे, तिथेच चांदी नाही.

पुढे सुगिमोतोंनी मोटारीत बसून सिनेमा बघायच्या उघड्या मैदानांवरही हाच प्रयोग केला. १९९३ च्या ‘युनियन सिटी ड्राइव्ह-इन’मध्ये पांढऱ्या पडद्यामागच्या आकाशात प्रकाशाच्या रेषा ओढल्या गेल्या आहेत. पडद्यावरची कथा विरघळली. आकाशात जे सरकत होतं, त्याचा माग मात्र राहिला.

थिएटरात गेल्यावर आपण छताकडे, भिंतीवरच्या नक्षीकडे क्वचितच बघतो. दिवे गेले की ती आपल्यापुरती नाहीशीच होते. इथे गोष्ट नाहीशी झाली आणि वास्तू उजेडात आली. म्हणून हे चित्र कुठल्या संग्रहालयात भेटलं, तर पांढऱ्या चौकोनावरून नजर काढा आणि कमानींच्या कडांवरचा उजेड बघा. तिथे दुसरा दिवा लावलेला नाही. तो सगळा उजेड त्या सिनेमाचाच आहे.