कोपऱ्यावरच्या हॉटेलातली पार्टी

दहावीचा निकाल लागला, पहिला पगार झाला किंवा आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली की महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये अनेक घरांची पावलं जवळच्या ‘फॅमिली रेस्टॉरंट’कडे वळतात. हॉल घ्यायचा नाही, आचारी लावायचा नाही. आठ-दहा जणांनी चालत जायचं, दोन टेबलं जोडून घ्यायची आणि दोनेक तासांत जेवून परतायचं, एवढाच हा सोहळा. बेताच्या खर्चात तो जमून येतो, याचं श्रेय भटारखान्यातल्या पूर्वतयारीला आणि टेबलावर वाटून खाण्याच्या रिवाजाला जातं.

हौस म्हणून सहकुटुंब हॉटेलात जेवायला जाणं फार जुनं नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत बाहेर जेवणारे पुष्कळ होते, पण बहुतेक नाइलाजाने. बायकामुलं गावी ठेवून आलेले गिरणी कामगार महिन्याच्या हिशेबाने खानावळीत जेवत. इराण्याकडे चहा आणि ब्रून मस्का, उडप्याकडे इडली-डोसा मिळे. समारंभाचं जेवण मात्र घरीच व्हायचं.

आजच्या मेनूकार्डाचा मोठा भाग उत्तरेकडून आला. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीत आलेल्या निर्वासितांनी १९४७ साली दर्यागंजमध्ये ‘मोती महल’ सुरू केलं. तंदुरी चिकन आणि बटर चिकन गाजलं ते या हॉटेलामुळे. पुढे मुंबई-पुण्यात कर्नाटक किनारपट्टीवरच्या शेट्टी मंडळींनी आपल्या हॉटेलांत डोशाच्या तव्याशेजारी तंदूर बसवला आणि मेनूकार्डात ‘पंजाबी’ हे पान आलं. त्यानंतरचं पान ‘चायनीज’चं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मांचुरियन केलं. आलं, लसूण आणि हिरवी मिरची ही ओळखीची फोडणी, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. चीनमध्ये असा पदार्थ नव्हता. इथे मात्र कोबी-गाजराच्या भज्यांचं व्हेज मांचुरियनही घरोघरी ठाऊक झालं.

शंभर-दीडशे पदार्थांचं हे कार्ड लहानशा भटारखान्याला पेलतं कसं? उत्तर ग्रेव्हीच्या पातेल्यांत आहे. संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधीच तीन ग्रेव्ह्या शिजवून ठेवलेल्या असतात. पांढरी ग्रेव्ही काजू, मगज आणि उकडलेल्या कांद्याची, लाल मखनी टोमॅटो आणि लोण्याची, तर तपकिरी ग्रेव्ही परतलेल्या कांदा-टोमॅटोची. ऑर्डर आली की कढईत एक-दोन डाव ग्रेव्ही, त्यात पनीर, कोफ्ते किंवा चिकन, वर त्या-त्या भाजीचा मसाला. पांढरीतून शाही पनीर, मखनीतून पनीर बटर मसाला, तपकिरीतून कढाई आणि कोल्हापुरी. यातली ‘व्हेज कोल्हापुरी’ कोल्हापूरच्या घरांत शोधून सापडायची नाही. तिथली ओळख तांबडा-पांढरा रस्सा. तंदुराच्या तापलेल्या भिंतीवर थापलेला नान दोनेक मिनिटांत निघतो. म्हणून आजोबांची दाल फ्राय, सुनेचं चिकन हंडी आणि नातवाचे हाका नूडल्स एकाच वेळी टेबलावर येऊ शकतात.

जेवणाचा क्रम ठरलेला असतो. बसल्याबसल्या मसाला पापड येतो. मग सूप, तेही ‘वन बाय टू’. एक सूप सांगायचं आणि वेटरने ते आतूनच दोन बाउलमध्ये सारखं वाटून आणायचं, याला कुणी कंजूषपणा म्हणत नाही. आठ माणसांना चार सूप, दोन स्टार्टर, तीन भाज्या आणि शेवटी एक-दोन राइस पुरे होतात. मुरलेला कॅप्टन “आधी एवढं मागवा, लागलं तर बघू” असं स्वतःहून सुचवतो. वाढदिवस असेल तर केक घरूनच आणलेला असतो. तो हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवतात आणि वेळेला सुरी-प्लेटा मिळतात, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात. केक नसेल तर आइस्क्रीम, किंवा उडपी-मंगळूरकडचं उंच ग्लासातलं ‘गडबड’.

गर्दीचं गणित पंचांगावरही चालतं. रविवारची संध्याकाळ आणि ३१ डिसेंबर सगळीकडेच भरलेले. श्रावण लागण्याआधी सामिष हॉटेलांत उसळणारी गर्दी आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, कळसाला पोहोचते. नंतरचा महिनाभर त्याच हॉटेलांत पनीरचा खप वाढतो. अनेक घरांत मंगळवार, गुरुवार किंवा शनिवार पाळतात. म्हणून वाढदिवस गुरुवारी आला तर पार्टी रविवारवर जाते.

शेवटी बडीशेप-खडीसाखरेसोबत बिल येतं. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या आणि वातानुकूलित अशा दोन्ही प्रकारच्या रेस्टॉरंटना ५ टक्के जीएसटी लागू आहे. बिलावर तो केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असा दिसतो. मोठ्या तारांकित हॉटेलांतल्या रेस्टॉरंटचा दर वेगळा असतो. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. सेवाशुल्क मात्र सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बिलात ते आपोआप लावलेलं असेल तर काढून टाकायला सांगता येतं. टीप द्यायची की नाही आणि किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

बिल कोणी भरायचं, हा प्रश्न बहुधा आधीच सुटलेला असतो. ज्याच्या घरी आनंदाची बातमी, त्यानेच पार्टी द्यायची. निकाल लागला किंवा बढती मिळाली की अभिनंदनापाठोपाठ “पार्टी कधी?” हा प्रश्न येतो तो याच रिवाजाने. कोपऱ्यावरच्या हॉटेलातले दर आवाक्यातले असल्यामुळे साध्या पगाराच्या माणसालाही “या रविवारी” असं उत्तर देता येतं.