गवंतीचा परतीचा दोरा

कर्नाटकी कशिद्याचे टाके अवघे चार: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. एवढ्या भांडवलावर धारवाड-हुबळीकडच्या बायकांनी इरकल लुगड्यांवर आणि काळ्या चंद्रकळांवर गोपुरं, रथ, पालख्या, हत्ती आणि तुळशीवृंदावनं उभी केली. कापडावर छाप नाही की पेन्सिलीची रेघ नाही. उभे-आडवे धागे मोजायचे आणि भरत जायचं.

शिकायला सुरुवात मॅटीवरच करावी. तिचे चौकोन सहज मोजता येतात. मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाका. नेयगी लहानमोठ्या धावदोऱ्यांचा, विणल्यासारखा दिसणारा. हे दोन्ही लवकर हातात बसतात. गवंती मात्र डोकं मागते, आणि माझ्या मते पहिला रुमाल तिचाच करावा.

गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा. जाताना एक टाका वर, एक खाली. परतताना त्याच भोकांतून सुई घालत मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. परत येईस्तोवर उलट्या बाजूलाही हुबेहूब तीच रेघ तयार होते. गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक टाक्यांतच ओवून जिरवायचं.

सरळ रेघेत हे सोपं आहे. खरी शिकवणी तुळशीवृंदावन भरताना होते. पायापासून वर चढताना फांदी फुटली, की मुख्य रेघ तिथेच सोडायची, फांदीच्या शेंड्यापर्यंत जायचं, रिकाम्या जागा भरत फाट्यावर यायचं आणि मग पुढची वाट धरायची. मधला कोनाडा भिंतीपासून सुटा असेल, तर त्याच्यासाठी दोरा नव्याने सुरू करावा लागतो. मागून उडी मारली तर तो आडवा दोरा उलट्या बाजूवर उघडा पडतो. म्हणून सुई ओवण्याआधी चौकटीच्या कागदावर बोट फिरवून वाट ठरवावी. सलग जोडलेली कोणतीही आकृती अशी एका दोऱ्यात पुरी होते. प्रत्येक रेघेवरून दोनदा जायचं, एकदा वरून, एकदा खालून. गणितज्ञ ऑयलरने 1736 साली क्योनिग्सबर्गच्या पुलांचं, म्हणजे प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का याचं कोडं सोडवलं, त्याच जातीचं हे गणित. लिहिता-वाचता न येणाऱ्या कितीतरी बायका ते बोटांनी सोडवत आल्या, याचा मला फार अभिमान वाटतो. मुरगीही याच वळणाची, फक्त तिची रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढते.

गवंतीचाच टाका सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये कॉलर आणि कफांवर काळ्या रेशमाने घालत. हान्स होल्बाइनने 1536च्या सुमारास रंगवलेल्या राणी जेन सीमोरच्या चित्रात तिच्या मनगटाशी तो कशिदा दिसतो. युरोपात हा टाका होल्बाइनच्याच नावाने ओळखतात.

रुमालानंतर ब्लाउजपीस घ्यावा. त्याच्या कापडाचे धागे मोजवत नसतील, तर वर कॅनव्हासची जाळी टाचून घ्यावी, तिच्या घरांवर नक्षी भरावी आणि मग जाळीचा एकेक धागा चिमट्याने ओढून काढावा. टाके फार आवळले तर जाळीचे धागे अडकतात. दोऱ्याचा ताण कसा राखायचा ते इथे कळतं.

साडी सगळ्यात शेवटी. तिच्यावर गोपुर, रथ, हत्ती असे मोठे नमुने पदराजवळ घालतात आणि पदरापासून दूर जावं तसे ते लहान होत जातात. गडद काळ्या-निळ्या पोतावर लाल, नारिंगी, हिरवा आणि जांभळा दोरा उठून दिसतो. पण काळ्यावर धागे मोजणं डोळ्यांची परीक्षा पाहतं, तेव्हा हे काम दिवसाउजेडीच करावं आणि मांडीवर पांढरं फडकं पसरून घ्यावं, म्हणजे धाग्यांमधली भोकं दिसतात.