थ्रेड गेला, लॉक राहिला

लिनक्सवर सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम पुरतो. पहिला थ्रेड म्युटेक्स घेतो, मॅलॉकने थोडी मेमरी मागतो, एक फाईल उघडतो आणि स्लीपमध्ये जातो. दुसरा त्याच म्युटेक्ससाठी रांगेत. मग मुख्य थ्रेडने पहिल्याला पीथ्रेड-कॅन्सल करायचं आणि शेजारच्या टर्मिनलवर सिस्टिम कॉल दाखवणारं एसट्रेस लावून बघत बसायचं.

पहिल्या थ्रेडला ३२ क्रमांकाचा सिग्नल जातो, स्लीप मोडते, दोन-चार सिस्टिम कॉल होतात आणि एक्झिट. प्रोक डिरेक्टरीतल्या टास्कच्या यादीतून त्याचा क्रमांक गायब होतो. उघड्या फायलींच्या यादीत मात्र ती फाईल तशीच असते. दुसरा थ्रेड फ्युटेक्स-वेटच्या ओळीवर अडकलेला, आणि ती ओळ आता पुरी होणार नाही. जीडीबीने म्युटेक्सच्या पोटात डोकावलं तर मालकाच्या रकान्यात मेलेल्या थ्रेडचाच क्रमांक दिसतो.

यात कर्नलचा निष्काळजीपणा नाही. अख्खी प्रोसेस मेली तर तिची मेमरी, फायली, सॉकेट सगळं तो परत घेतो, कारण ते प्रोसेसच्या खात्यावर मांडलेलं असतं. थ्रेडचं असं वेगळं खातं नसतं. मॅलॉकने दिलेला तुकडा कोणत्या थ्रेडने मागितला आणि पुढे कोणाच्या हाती दिला, हे फक्त आपल्या कोडला ठाऊक असतं.

म्हणून प्रोग्राम बदलायचा. प्रत्येक वस्तू घेतली की लगेच पीथ्रेड-क्लीनअप-पुशने ती परत करणारं फंक्शन नोंदवायचं. आता कॅन्सल केल्यावर फंक्शनं उलट्या क्रमाने धावतात: आधी फाईल बंद, मग मेमरी मोकळी, शेवटी म्युटेक्स. त्यानंतर थ्रेडच्या खासगी डेटाचे डिस्ट्रक्टर. एखादा डिस्ट्रक्टर नवीच किंमत भरून ठेवू शकतो, म्हणून डिस्ट्रक्टरांच्या फेऱ्या पुन्हा होतात. पॉझिक्सनुसार त्यांची मर्यादा किमान ४ असावी लागते. थ्रेड कंडिशन व्हेरिएबलवर थांबलेला असताना कॅन्सल झाला, तर पहिलं क्लीनअप फंक्शन चालण्याआधी तो म्युटेक्स पुन्हा हातात घेतो. हे लक्षात न घेता लिहिलेलं फंक्शन म्युटेक्स सोडतच नाही आणि बाकीचे सगळे खोळंबतात.

उरतो स्टॅक. थ्रेड ज्या स्टॅकवर चालतोय तोच मोकळा करणं म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तीच तोडणं. म्हणून कर्नल थ्रेड संपताना ठरलेल्या पत्त्यावर शून्य लिहितो आणि तिथे थांबलेल्याला जागं करतो. पीथ्रेड-जॉइन त्याचीच वाट पाहत असतो. मग स्टॅकची व्यवस्था लागते. जॉइनही केलं नाही आणि डिटॅचही केलं नाही, तर तो स्टॅक लटकतच राहतो.

मग लॉक आपोआप सुटला की प्रश्न मिटला? जावाने तेच करून पाहिलं. थ्रेड-स्टॉपने थ्रेड मारला की त्याचे मॉनिटर, म्हणजे लॉक, सुटत, पण आतला डेटा अर्धवट बदललेला राही आणि पुढचा थ्रेड तोच खरा मानून कामाला लागे. १९९८च्या १.२ आवृत्तीत ही पद्धत नापसंत ठरली आणि २०२३च्या जेडीके २० मध्ये ती नुसता अपवाद फेकू लागली. पॉझिक्सचा रोबस्ट म्युटेक्स जास्त प्रामाणिक आहे: मालक मेला तर पुढच्याला लॉक मिळतो, पण सोबत ‘आधीचा मालक मेला’ असा एरर कोडही. डेटा तपासून, दुरुस्त करून म्युटेक्स सुसंगत झाल्याचं त्याने कळवायचं असतं.

नेमकं हेच बाहेरून मारणाऱ्याला जमत नाही. डेटा कुठवर बदलून झालाय, हे तो पाहू शकत नाही. अँड्रॉइडच्या सी लायब्ररीत तर पीथ्रेड-कॅन्सल ठेवलेलंच नाही. त्याऐवजी सी++२०चा जेथ्रेड नष्ट होताना आधी थांबण्याची विनंती करतो, मग जॉइन करतो. विनंती कुठे तपासायची, हे थ्रेडचा कोड लिहिणाऱ्याने ठरवायचं: डेटा सुसंगत असेल अशा जागी, आणि इतक्या वेळा की प्रोग्राम बंद होताना ताटकळणार नाही. थ्रेड आयओवर झोपलेला असेल तर त्याला उठवायची सोयही हवी; नुसता फ्लॅग बदलून झोपलेल्याला काही कळत नाही.

काही कोड मात्र विनंती ऐकणारा नसतो, उदाहरणार्थ बाहेरून आणलेली आणि मध्येच अडकून बसणारी लायब्ररी. असं काम थ्रेडमध्ये ठेवूच नये. त्याला वेगळी प्रोसेस द्यावी, म्हणजे किल -९ मारला तरी आवराआवर करायला कर्नल आहे.