मोटारीची जाळी आणि वर्ध्याचा उन्हाळा

मोटारीच्या तोंडावरची जाळी ही शोभेची वस्तु आहे, असा पुष्कळ मालकांचा समज असतो. तो अगदींच निराधार नाहीं. दोन दिव्यांच्या मधली ही जागा म्हणजे मोटारीचा चेहरा. गाडी कोणत्या कारखान्याची हें दुरून ओळखायचें तें याच चेहऱ्यावरून. १९५८ च्या सुमारास रस्त्यावर आलेली आणि २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यांत तयार होत राहिलेली अँबॅसडर हें याचें चांगलें उदाहरण होय. तिचा मूळचा बांधा एवढ्या वर्षांत फारसा पालटला नाहीं. नवी आवृत्ति निघाली हें लोक ओळखीत, तें बहुधा पुढच्या जाळीची वीण बदललेली पाहून.

आतां असा बदल कारखान्यानेंच करावा असें राहिलेलें नाहीं. काळी, चकचकीत, मधमाशांच्या पोळ्यासारखी, उभ्या पट्ट्यांची, अशा नाना तऱ्हेच्या जाळ्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात आणि थोडें कसब असलेला माणूस रविवारच्या सकाळीं घरच्या अंगणांत ती बसवूं शकतो. मात्र जाळीचें पहिलें काम चेहरा सजविण्याचें नसून श्वास घेण्याचें आहे. वर्धा जिल्ह्यासारख्या तापणाऱ्या मुलुखांत हें विसरणाऱ्याला त्याची किंमत एंजिनाच्या रूपानें मोजावी लागते.

एंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा, ढोबळ मानानें, एक तृतीयांश भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. दुसरा तेवढाच भाग धुराबरोबर निघून जातो. उरलेला तिसरा भाग एंजिनाभोवतीं खेळणारें पाणी उचलतें आणि पुढें रेडिएटरमध्यें आणून सोडतें. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्या व त्यांना जोडलेलीं पातळ पानें. जाळींतून शिरलेला वारा या पानांमधून वाहतो, पाण्याची उष्णता घेतो आणि खालच्या बाजूनें बाहेर पडतो. गाडी धांवत असली म्हणजे वारा आपोआप मिळतो. फाटकापाशीं उभी राहिली म्हणजे मागचा पंखा तो ओढून घेतो. वातानुकूलनाची सोय असलेल्या गाड्यांत रेडिएटरच्याही पुढें कंडेन्सर नांवाचें त्याच घडणीचें दुसरें जाळें असतें. म्हणून रेडिएटरला मिळणारा वारा आधींच थोडा तापलेला असतो.

आतां साधा त्रैराशिकाचा हिशेब करून पाहावा. एंजिनांतील पाणी सुमारें ९० अंशांवर राहावें अशी योजना असते. जानेवारींत बाहेरची हवा २० अंश असली तर दोहोंत ७० अंशांचें अंतर पडतें. मे महिन्यांतील दुपारीं वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां तेंच अंतर ४५ अंश उरतें. वारा उष्णता किती नेईल हें या अंतरावर अवलंबून असतें. म्हणजे रेडिएटर तोच, वारा तेवढाच, परंतु त्याची शक्ति हिवाळ्याच्या मानानें दोन तृतीयांशांहूनही किंचित् कमी झालेली. कारखान्यानें गाडी घडवितांना ही तूट जमेस धरलेली असते आणि तेवढी जागा राखून ठेवलेली असते. दाट विणीची जाळी बसविणारा मनुष्य नकळत ती राखीव जागाच खर्चून टाकतो. मग चढावर, भरलेल्या गाडींत, वातानुकूलन चालू असतां कांटा वर सरकूं लागतो. तरीही गाडी तशीच हांकली तर एंजिनाचें डोकें तापून वांकतें, त्याखालचें गॅस्केट फुटतें, आणि दुरुस्तीचा खर्च जाळीच्या किंमतीच्या कितीतरी पट होतो.

म्हणून जाळी विकत घेतांना रंगाआधीं तिची उघडी जागा पाहावी. ती काढणें अवघड नाहीं. चौकोनी भोकांच्या जाळींत एका भोकाची रुंदी आणि एका तारेची जाडी मोजावी. भोंक १० मिलिमीटर व तार २ मिलिमीटर असेल, तर १० ला १२ नें भागून येणारी संख्या तिनेंच गुणावी. उत्तर सुमारें ०·६९ येतें. म्हणजे शंभरांपैकीं ६९ भाग उघडे. भोंक ५ व तार २ मिलिमीटर असेल तर हेंच उत्तर ५१ भागांवर येतें. दोन्ही जाळ्या दुकानांत शेजारीं शेजारीं टांगलेल्या असल्या तर डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाहीं. रेडिएटरला तो जाणवतो. कांहीं जाळ्यांत तर निम्मीं भोंकें केवळ दिखाऊ असून त्यांची मागची बाजू बंद असते. तेव्हां जाळी उजेडासमोर धरून पाहणें, ही पहिली परीक्षा होय. नव्या जाळींतून जुन्या जाळीपेक्षां कमी उजेड येत असेल, तर ती कितीही देखणी असली तरी परत करावी.

बारीक जाळीची दुसरी अडचण या जिल्ह्याच्या मातीशीं व पिकाशीं निगडित आहे. उन्हाळ्यांत काळ्या रानांतली धूळ उडते. पावसाळ्यांतील रात्रीं दिव्यांकडे किड्यांचे थवे झेंपावतात. दिवाळीनंतर कापूस भरलेल्या गाड्या हिंगणघाट, पुलगांव, आर्वीकडे जाऊं लागल्या म्हणजे रस्त्याच्या कडेला तंतूंचे पुंजके वाऱ्यावर लोळत असतात. मच्छरदाणीसारखी जाळी हें सारें आडविते खरी, पण आडविलेला कचरा तिच्याच तोंडावर बसतो आणि वाऱ्याची वाट बंद होते. कापसाचा पातळसा थर धुळीनें मळला व किड्यांनीं चिकट झाला म्हणजे कांबळ्याहून वेगळा राहत नाहीं. याउलट १० ते १२ मिलिमीटर भोकांची जाळी लहान किडे आंत सोडते, परंतु रेडिएटरचीं नाजूक पानें चेंगरणारे मोठे खडे बाहेर ठेवते. येथील रस्त्यांना तीच अधिक मानवते.

जाळीची निवड करतांना आणखी दोन गोष्टी तपासाव्या. अलीकडच्या कांहीं गाड्यांत पुढील वाहनाचें अंतर मोजणारें रडार जाळीच्या किंवा बोधचिन्हाच्या मागें बसविलेलें असतें. त्यापुढें धातूची जाळी आली तर तें आंधळें होतें. अशा गाडीला कारखान्यानें मान्य केलेल्या जाळीखेरीज दुसरी लावूं नये. दुसरी गोष्ट, जाळी आणि लोखंडी दांड्यांचा पिंजरा या दोन वेगळ्या वस्तु आहेत. रात्रीं शेतांतून रोही किंवा रानडुकर आडवें येतें, या भीतीनें पुष्कळजण बंपरपुढें असा पिंजरा लावीत असत. धडकेचा जोर सोसून हळूहळू चेपावें, यासाठीं गाडीचें तोंड मुद्दाम घडविलेलें असतें. पिंजरा तो जोर सरळ चौकटीवर नेतो, हवेच्या पिशव्या उघडण्याची वेळ चुकवूं शकतो, आणि पायीं चालणाऱ्यास लागणारा मार अधिक घातक करतो. म्हणून डिसेंबर २०१७ मध्यें केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानें असे पिंजरे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाविरुद्ध असल्याचें सर्व राज्यांना कळविलें. साध्या जाळीचा प्रश्न तसा नाहीं. तरी ती गाडीच्या मूळ रेषेबाहेर येऊं नये, नंबराची पाटी झांकूं नये, आणि हमीच्या अटी आधीं वाचून घ्याव्या.

आतां प्रत्यक्ष काम. तें सकाळीं, सांवलींत, एंजिन पूर्ण थंड असतांना आरंभावें. रेडिएटरचें झांकण उघडण्याचें येथें कांहींच कारण नाहीं. तापलेल्या एंजिनावर तर तें केव्हांही उघडूं नये, कारण आंतलें पाणी दाबाखालीं शंभर अंशांच्याही वर गेलेलें असतें. हातब्रेक ओढून बॉनेट उभें करावें आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून बाजूस बांधावी. विजेचा पंखा गाडी बंद असतांनाही एकाएकीं फिरूं शकतो आणि हाताचीं बोटें तेथेंच असतात. तार काढल्यावर थोडा वेळ थांबावें.

रेडिएटरवरचें प्लॅस्टिकचें आच्छादन क्लिपांनीं बसविलेलें असतें. क्लिपच्या मधली खुंटी आधीं उचलावी, मगच सबंध क्लिप ओढावी. उलट क्रमानें ओढल्यास ती तुटते. कांहीं गाड्यांत एवढें झाल्यावर जाळी वरूनच निघते. इतर गाड्यांत बंपर सोडवावा लागतो. त्याचे स्क्रू वर, खालीं आणि दोन्ही चाकांच्या कमानींत असतात. बहुतेकांस दहा नंबरचा पाना आणि पेचकस पुरतात. बंपर सुटतांना दोघांनीं दोन टोकें धरावीं, धुक्याच्या दिव्यांच्या तारा आधीं सोडवाव्या आणि जमिनीवर गोधडी पसरून तीवर तो उपडा ठेवावा. काढलेले स्क्रू जागेप्रमाणें वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले म्हणजे बसवितांना घोंटाळा होत नाहीं.

जुन्या जाळीच्या जिभा मागच्या बाजूनें बोटानें दाबून एकेक सोडवाव्या. जुनी जाळी जपून ठेवावी; नवी मानवली नाहीं तर तीच कामास येते. नवी जाळी पक्की करण्यापूर्वीं नुसती टेकवून पाहावी. ती दाबून बसवावी लागत असेल तर माप चुकलेलें आहे असें समजावें. कानशीनें कडा किंचित् घासावी, बळ लावूं नये. जाळीचा तुकडा कापून लावायचा असेल तर आधीं पुठ्ठ्याचा नमुना करावा, कापलेल्या कडा घासून त्यांना गंज न धरणारा रंग द्यावा आणि रबराची पट्टी चढवावी. जाळी व कंडेन्सर यांत दोन बोटांचें तरी अंतर राहिलें पाहिजे. लांब स्क्रूचें एक टोंक कंडेन्सरला टोंचलें कीं त्यांतील वायु निघून जातो. चौकटीवरच्या धडकमापक यंत्रांना व त्यांच्या तारांना हात लावूं नये.

सारें परत बसविल्यावर बॉनेटची कडी, दिवे आणि भोंगा तपासावा. नंतर खरी परीक्षा. वातानुकूलन चालू ठेवून गाडी पंधरा मिनिटें उभी चालवावी आणि पंखा वेळेवर सुरू होऊन बंद होतो कीं नाहीं हें पाहावें. मग नेहमींच्या रस्त्यानें फेरी करावी आणि कांटा पूर्वीच्याच खुणेवर राहतो का तें लक्षांत घ्यावें. ज्या गाड्यांत कांटा नसून केवळ तांबडा दिवा असतो, त्यांच्या मालकांनीं अधिक सावध असावें, कारण तो दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. शंभर किलोमीटर झाल्यावर स्क्रू पुन्हां आंवळावे. ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा असलेला समृद्धि महामार्ग याच जिल्ह्यांतून जातो. त्या वेगांत सैल जाळी निसटली तर ती मागून येणाऱ्याच्या कांचेवर जाईल.

पुढें महिन्यांतून एकदां, आणि कापसाच्या व किड्यांच्या दिवसांत आठवड्याला एकदां, जाळी मऊ ब्रशानें झाडावी आणि पाण्याची मंद धार सोडून धुवावी. जोराच्या फवाऱ्यानें मागचीं पानें वांकतात. हिवाळ्यांत बसविलेल्या जाळीवर हिवाळ्यांतच निकाल देऊं नये. जानेवारींत कोणतीही जाळी चालून जाते. मे महिन्यांतील दुपारीं, घरचीं सारीं माणसें गाडींत असतां, कांटा जागचा हलला नाहीं, म्हणजे जाळी चांगली बसली असें म्हणावें.